दीड मैलाच्या आत

सॅन रमोनमधल्या एका किराणा दुकानाबाहेर आगीचा बंब उभा दिसला आणि माझ्या छातीत धस्स झालं. पण धूर नव्हता, गर्दी नव्हती, कुणी धावत नव्हतं. थोड्या वेळाने दुकानातून तीन जवान बाहेर आले. एकाच्या हातात भाज्यांची पिशवी होती, दुसऱ्याच्या हातात दुधाचे कॅन. माझ्या सहा वर्षांच्या नातवाने हात हलवला, त्यांनीही हलवला.

"आई, रात्रीच्या जेवणाचं सामान न्यायला आलेत ते," लेक म्हणाली. केंद्रावर स्वयंपाक जवानच करतात, आपसांत वर्गणी काढून. ड्युटीवर असताना बंबापासून दूर जायचं नाही, म्हणून बाजारालाही बंब घेऊनच जायचं. मध्येच कॉल आला तर सामान जिथे असेल तिथे सोडून निघायचं.

भाजी घेतानासुद्धा बंब दहा पावलांवर असायला हवा, ही गोष्ट माझ्या मनात रुतून बसली. त्याला कारण होतं. पुण्याच्या पूर्वेला भराभर वाढलेल्या एका उपनगरात मी राहते. तीन वर्षांपूर्वी एका रात्री आमच्या इमारतीसमोरच्या फर्निचरच्या दुकानाला आग लागली. बंब दुरून यायचा होता. गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या होत्या, त्या हलवण्यातही वेळ गेला. माणसं वाचली, दुकान राहिलं नाही. बाल्कनीत उभी राहून मी घड्याळ पाहत होते. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला त्या रात्री अंतर म्हणजे काय ते कळलं.

म्हणून या खेपेला लेकीकडे मुक्कामाला आल्यावर मी ठरवलं, सॅन रमोनचं हे खोरं पाहायचं ते त्याच्या अग्निशमन केंद्रांच्या वाटेने.

शहरापेक्षा वेगळी हद्द

सॅन रमोन खोरं सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, कॉन्ट्रा कोस्टा काउंटीत आहे. उत्तरेला अलामो, मध्ये डॅनव्हिल, दक्षिणेला सॅन रमोन. सहाशेऐंशी क्रमांकाचा महामार्ग या तिन्ही गावांना ओवत जातो. ईशान्येला माउंट डियाब्लो हा ३,८४९ फूट उंचीचा डोंगर. एकेकाळी इथे अक्रोड आणि नासपतीच्या बागा होत्या, गुरं चरायची. आता आयटीतली भारतीय कुटुंबं एवढी आहेत, की संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसलं तर अर्ध्या तासात मराठी कानावर पडतंच.

इथली पहिली नवलाची गोष्ट म्हणजे अग्निशमन दल ना सॅन रमोन शहराचं आहे, ना डॅनव्हिलचं. त्यासाठी 'सॅन रमोन व्हॅली फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट' हा स्वतंत्र जिल्हाच आहे. त्याची हद्द वेगळी, निधी वेगळा, आणि कारभार पाहणारं पाच जणांचं संचालक मंडळ मतदारांनी निवडून दिलेलं. घरांच्या मालमत्ता कराचा ठरलेला वाटा थेट या जिल्ह्याकडे येतो. अलामो, ब्लॅकहॉक, डियाब्लो या वस्त्यांना स्वतःची नगरपालिका नाही, तरी त्यांच्या घरांना दुसरीकडून कुणी बंब पाठवेल का, याची वाट पाहावी लागत नाही. जिल्ह्याचा पसारा सुमारे १५५ चौरस मैलांचा, म्हणजे ४०० चौरस किलोमीटरचा आहे. त्यात दाट वस्ती आहे, कार्यालयांचे मनोरे आहेत आणि नुसतं वाळलेलं गवतही आहे.

याचं मूळ शेतकऱ्यांत आहे. १९२१ साली डॅनव्हिलच्या लोकांनी एकत्र येऊन शेतं आणि कोठारं वाचवण्यासाठी अग्निसंरक्षणाचा जिल्हा स्थापन केला. पुढे महामार्ग आला, घरं आली, सॅन रमोनचा वेगळा जिल्हा झाला. १९८० मध्ये दोन्ही एक झाले. गंमत वाटेल, पण डॅनव्हिल शहर म्हणून नोंदलं गेलं १९८२ मध्ये आणि सॅन रमोन १९८३ मध्ये. नगरपालिका व्हायच्या आधी इथे बंब होता.

केंद्र क्रमांक ३०

पहिली भेट लेकीच्या घराजवळच्या केंद्राला, विंडमियर पार्कवेवरच्या ३० क्रमांकाच्या. या जिल्ह्यात दहा केंद्रं, पण क्रमांक एकपासून नाहीत. ३० ते ३९ असे आहेत. काउंटीतल्या वेगवेगळ्या दलांनी आकडे वाटून घेतले आहेत. मोठ्या आगीत चार दलांचे बंब एकत्र आले तरी एकाच क्रमांकाचे दोन बंब असणार नाहीत, बिनतारी संदेशात घोळ होणार नाही.

हा भाग डॉहर्टी व्हॅली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे फक्त गुरांची कुरणं होती. इथे सुमारे ११,००० घरं बांधायची योजना निघाली तेव्हा आजूबाजूच्या शहरांनी हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९४ मध्ये तडजोड झाली. घरं बांधा, पण रस्ते, शाळा, बागा, पोलीस, अग्निशमन यांची ठरलेली पातळी राखूनच बांधा, असा तिचा गाभा. २००० च्या जनगणनेत सॅन रमोनची लोकसंख्या ४४,७२२ होती. २०२० मध्ये ८४,६०५ झाली. त्यातली मोठी भर या टेकड्यांवरची.

काउंटीच्या विकास आराखड्यात एक साधं वाक्य आहे. शहरी आणि उपनगरी वस्तीपासून अग्निशमन केंद्र दीड मैलाच्या आत असावं. दीड मैल म्हणजे जेमतेम अडीच किलोमीटर. तेवढं जमत नसेल, तर घरांत आपोआप पाणी फवारणारे स्प्रिंकलर बसवून ती उणीव भरून काढता येते. २०११ पासून तर कॅलिफोर्नियात नव्या बांधलेल्या प्रत्येक घरात स्प्रिंकलर सक्तीचे आहेत. लेकीचं घर त्यानंतरचं. छतातल्या त्या पांढऱ्या चकत्या मी इतके दिवस पाहत होते, पण त्या कशाच्या हे विचारलं नव्हतं.

दीड मैलच का, हे केंद्रावरच्या कॅप्टनने समजावून सांगितलं. आम्ही आधी वेळ ठरवून गेलो होतो, तरी त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, की घंटा झाली तर बोलणं अर्धवट टाकून ते निघतील आणि आम्ही भिंतीला लागून उभं राहायचं. अमेरिकेत पगारी दलांसाठी एक राष्ट्रीय मानक आहे. आगीचा कॉल आल्यापासून ऐंशी सेकंदांत जवानांनी पोशाख चढवून बंबात बसायचं, आणि पहिला बंब पुढच्या चार मिनिटांत दारात पोहोचायचा. चार मिनिटांचा हिशोब आगीच्या स्वभावावरून आलेला आहे. जुन्या काळच्या लाकूड, कापूस, लोकर अशा सामानाच्या खोलीत ठिणगी पडली, तर सगळी खोली एकदम पेटून उठायला प्रयोगात जवळपास अर्धा तास लागला. आजच्या खोलीत फोमचा सोफा, सिंथेटिक पडदे, प्लॅस्टिक असतं. त्याच प्रयोगात ही खोली चार मिनिटांच्या आत पेटली. त्या क्षणानंतर आत कुणी असेल तर वाचणं जवळजवळ अशक्य.

फर्निचरचं ते दुकान माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी काही बोलले नाही.

केंद्र आतून एखाद्या नेटक्या वसतिगृहासारखं आहे. स्वयंपाकघर, लांब जेवणाचं टेबल, झोपायच्या लहान खोल्या. इमारत एकमजली, त्यामुळे सिनेमात दिसतो तसा घसरून यायचा खांब नाही. बंबाच्या धुराड्याला छतातून आलेली जाड नळी जोडलेली असते. इंजिन सुरू होताच धूर बाहेर ओढला जातो आणि बंब दाराबाहेर पडला की नळी आपोआप सुटते. आगीतून परत आलेले जाड कोट वेगळ्या, हवा खेळती ठेवलेल्या खोलीत टांगायचे, राहत्या भागात आणायचे नाहीत. जळालेल्या प्लॅस्टिकची काजळी त्या कापडात बसते आणि ती कर्करोगाला कारण ठरते. आगीत गेलेल्या जवानाला आगीनंतरही जपावं लागतं, हे त्या खोलीच्या बंद दारावरून समजत होतं.

एका बंबावर तिघं. कॅप्टन, बंब चालवणारा आणि पंप सांभाळणारा इंजिनिअर, आणि तिसरा जवान. या चमूत प्रगत वैद्यकीय उपचार देऊ शकणारा पॅरामेडिकही असतो. साध्या बंबाच्या टाकीत पाचशे गॅलन, म्हणजे एकोणीसशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. नातवाला तो आकडा प्रचंड वाटला. पण एक मोठा पाइप उघडला तर हे पाणी तीन मिनिटांत संपतं. तेवढ्यात रस्त्यावरच्या हायड्रंटला, म्हणजे बंबासाठीच्या पाण्याच्या नळाला, नळी जोडायची असते.

हायड्रंट अंधारात सापडायचा कसा? परतताना इंजिनिअरने आम्हाला रस्त्याच्या मध्याजवळ चिकटवलेला निळा ठिपका दाखवला. दिव्याच्या उजेडात तो चमकतो. जिथे निळा ठिपका, तिथे कडेला हायड्रंट. त्या दिवसापासून नातवाला नाद लागला. गाडीत बसलं की तो निळे ठिपके मोजतो.

आगीपेक्षा हृदयासाठी

केंद्राच्या फलकावर दिवसभरातल्या कॉल्सची नोंद होती. बहुतेक वैद्यकीय. कुणी पडलं, कुणाच्या छातीत दुखलं, कुणाचा श्वास अडकला. संपूर्ण अमेरिकेतच अग्निशमन दलांकडे येणाऱ्या कॉल्सपैकी सुमारे दोन तृतीयांश असेच असतात. प्रत्यक्ष आगी अगदी थोड्या. या जिल्ह्याच्या स्वतःच्या रुग्णवाहिकाही आहेत. ९११ ला फोन केला की डॉक्टरच्या आधी बंब येतो, याचं इथे नव्याने आलेल्या भारतीय आईवडिलांना आश्चर्य वाटतं. मलाही वाटलं होतं. पण दीड मैलाच्या आत, चोवीस तास जागा, प्रशिक्षित माणसांचा चमू असतो तो केंद्रावरच. मग तोच आधी येणार.

याच खोऱ्यात घडलेली एक गोष्ट आता जगभर पोहोचली आहे. २००९ च्या सुमारास जिल्ह्याचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड प्राइस एका खाणावळीत सहकाऱ्यांसोबत जेवत होते. बाहेर सायरन ऐकू आला, जवळ येत गेला आणि बंब त्यांच्या शेजारच्याच दारात थांबला. तिथे एकाचं हृदय बंद पडलं होतं. प्राइस प्रशिक्षित होते, त्यांच्या गाडीत हृदयाला झटका देणारं यंत्र होतं, मधे फक्त एक भिंत होती. पण त्यांना कळवणारं काहीच नव्हतं. हृदय थांबल्यावर छाती दाबायला कुणी सुरुवात केली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी कमी होते.

त्या भिंतीतून 'पल्सपॉइंट' हे ॲप जन्माला आलं. सार्वजनिक जागी कुणाचं हृदय बंद पडल्याचा कॉल आला, की सुमारे पाव मैलाच्या आत असलेल्या, छाती दाबायला शिकलेल्या लोकांच्या फोनवर त्याच क्षणी सूचना जाते. सर्वांत जवळचं झटका-यंत्र कुठल्या इमारतीत आहे, तेही दिसतं. २०११ पासून हे ॲप सॅन रमोन खोऱ्याबाहेर पसरत गेलं. आज अमेरिकेतली हजारो गावं ते वापरतात. लेकीच्या फोनवर ते आहे हे मला त्या दिवशी कळलं. दीड मैलाचं अंतर आणखी कमी करायचं तर शेजाऱ्यालाच उभं करावं लागतं, हे इथल्या लोकांनी ओळखलं.

डोंगराच्या बाजूने

पुढच्या शनिवारी जावई आम्हाला उत्तरेकडे घेऊन गेला. डॅनव्हिलमध्ये १८९१ सालचं रेल्वे स्टेशन आता खोऱ्याचं संग्रहालय आहे. रूळ गेले आणि त्या जागी 'आयर्न हॉर्स ट्रेल' ही चालण्या-सायकलींची वाट झाली. सॅन रमोन व्हॅली बुलेव्हार्डवरचं ३१ क्रमांकाचं केंद्र तिथून जवळच. तिथून अलामोतलं ३२, मग वळून डियाब्लो रोडवरचं ३३. या रस्त्यावर ओकच्या फांद्या छपरासारख्या वर मिळतात, रस्ता अरुंद होतो, वळणं घट्ट होतात. सावलीत चालायला सुंदर. पण शेकडो गाड्या एकाच वेळी बाहेर पडू लागल्या तर काय, हा विचार सौंदर्य पाहतानाही मनातून जाईना.

ब्लॅकहॉकमध्ये वस्तीला फाटक आणि पहारा आहे. फाटकाशी लहानशी पोलादी पेटी दिसली. तिची किल्ली फक्त अग्निशमन दलाकडे. रात्री पहारेकरी असो नसो, बंबासाठी फाटक उघडतंच. आमच्या संकुलातल्या कुलूप लावलेल्या मागच्या दाराची मला आठवण झाली.

इथल्या उन्हाळ्यात पाऊस नसतो. मे महिन्यापासून टेकड्यांवरचं हिरवं गवत सोनेरी होतं आणि शरद ऋतूत ईशान्येकडून कोरडे वारे सुटतात. त्यांना 'डियाब्लो वारे' म्हणतात. म्हणून डोंगरालगतच्या केंद्रांत साध्या बंबासोबत दुसरा, उंच चाकांचा, आखूड बंब ठेवलेला असतो. तो चढावर, कच्च्या वाटेवर जातो आणि चालता चालता पाणी मारू शकतो. घरमालकांनी गवत कापून ठेवायचं, हा जिल्ह्याचा नियम. मोठ्या उतारांवर मात्र शेळ्यांचे कळप सोडतात. टासाहाराच्या रस्त्याने जाताना असा एक कळप दिसला. शेकडो शेळ्या एकमेकींना खेटून चरत होत्या आणि त्यांनी साफ केलेला पट्टा उतारावर आखल्यासारखा दिसत होता. सह्याद्रीतल्या खेड्यांत डोंगरावरचा वणवा गावात येऊ नये म्हणून जाळपट्टे काढतात, त्याचंच हे चरणारं रूप.

पूर्व टोकाला लुसिटानो स्ट्रीटवरचं ३६ क्रमांकाचं केंद्र. एका बाजूला नव्या घरांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला कुरण. शहर जिथे संपतं तिथेच केंद्र उभं आहे. त्याच्याही पलीकडे, मॉर्गन टेरिटरीच्या डोंगराळ भागात ३७ क्रमांकाचं केंद्र स्वयंसेवकांच्या बळावर चालत आलं. १९२१ च्या शेतकऱ्यांची रीत तिथे टिकून राहिली. २०१३ च्या सप्टेंबरात त्याच बाजूने माउंट डियाब्लोला वणवा लागला आणि ३,१११ एकर जळून गेलं. कारण नेमबाजीचा सराव. काळे पडलेले उतार पुढच्या वसंतात रानफुलांनी भरले, असं जावई सांगत होता.

वणव्याचं नाव निघालं की या भागातली माणसं एकच तारीख सांगतात. २० ऑक्टोबर १९९१, इथून जेमतेम वीस मैलांवरच्या ओकलंडच्या टेकड्या. त्या आगीत २५ माणसं गेली, तीन हजारांच्या वर घरं जळाली. मदतीला शेजारच्या गावांचे बंब धावून आले, आणि त्यांच्या नळ्या हायड्रंटला बसेनात. ओकलंडच्या हायड्रंटचं तोंड तीन इंचांचं होतं, बाकीच्यांच्या नळ्या अडीच इंचांच्या. वीज गेल्यामुळे टेकड्यांवरच्या टाक्यांत पाणी चढवणारे पंप थांबले आणि टाक्या रिकाम्या झाल्या. अर्ध्या इंचाच्या त्या फरकातून कॅलिफोर्निया शिकलं. जोडण्या एकसारख्या झाल्या आणि संकटात सगळ्या दलांनी एकाच पद्धतीने, एकाच भाषेत काम करायचं हा राज्याचा कायदा झाला. केंद्रांचे क्रमांक वाटून घेण्यामागे हाच विचार आहे.

आणखी एक धोका पायाखाली आहे. कॅलावेरास हा भूकंपाचा भ्रंश या खोऱ्यातूनच जातो. २०१५ च्या ऑक्टोबरात सॅन रमोनला काही आठवड्यांत शेकडो छोटे धक्के बसले होते. म्हणून राज्याचा कायदा सांगतो, की अग्निशमन केंद्राची इमारत घरांपेक्षा मजबूत हवी. केंद्राचंच दार अडकलं, तर बंब बाहेर निघणार कसा?

परतीची नोंद

निघायच्या आदल्या दिवशी मी आणि नातू चालत ३० क्रमांकाच्या केंद्रापर्यंत गेलो. वाटेत त्याने निळे ठिपके मोजले. केंद्राचं मोठं दार उघडं होतं आणि दोघं जवान बंब धूत होते. आम्ही लांबूनच पाहत उभे राहिलो. तेवढ्यात आत घंटा झाली. फडकी खाली पडली, दारं आपटली, आणि मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. मी पन्नासपर्यंत पोहोचायच्या आत बंब रस्त्यावर होता. पुढच्या चौकात दिवा त्याच्यासाठी हिरवा झाला. कुणाच्या तरी घरी मदत निघाली होती, आणि ते घर दीड मैलाच्या आत असणार, याचा मला त्या क्षणी मनापासून आधार वाटला.

आपल्याकडेही बंबावरची माणसं धैर्यात कुठे कमी नाहीत. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात मुंबई अग्निशमन दलाचे कितीतरी जवान आग विझवताना गेले. देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्याच स्मरणात. आपल्याकडे कमी पडतं ते अंतर मोजणं. इमारती उठतात, रस्ते भरतात, आणि केंद्राची जागा शेवटी शोधली जाते. जवानाने कितीही जिवाची बाजी लावली तरी हरवलेली मिनिटं तो परत आणू शकत नाही.

पुण्याला परतल्यावर पहिल्या रविवारी मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत तीन गोष्टी मांडल्या. जवळचं अग्निशमन केंद्र किती किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळच्या गर्दीत तिथून यायला किती वेळ लागतो, ते प्रत्यक्ष जाऊन पाहायचं. जिन्यातल्या पाण्याच्या उभ्या पाइपला खरंच दाब आहे का, ते तपासायचं. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैमध्ये त्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते सूचनाफलकावर लावायचं. आणि मागच्या फाटकाची एक किल्ली पहारेकऱ्याच्या टेबलावर, सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवायची.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकांनी गल्लीच्या तोंडाशी, बंब वळेल एवढ्या रुंदीत, पांढऱ्या चुन्याची रेघ मारली. मी तिचा फोटो काढून नातवाला पाठवला. त्याचा फोन आला. "आजी, आता एक निळा ठिपका पण लाव."

निळा रंग आणलाय. हायड्रंटच्या समोर, रस्त्याच्या मध्याजवळ, परवा लावणार आहोत.